बाबांच्या कागदावरचं कारण

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्यापासून लपवत नाही. चौदा महिने दारूशिवाय राहिलो आणि गेल्या शनिवारी दुकानातल्या जुन्या कारागिराच्या निरोपाला एक पेला घेतला. दुसऱ्या दिवशी आपणहून व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन सांगितलं. तिथल्या बाईंनी फॉर्मवर 'अयशस्वी' अशी खूण केली. फॉर्मला दोनच चौकटी आहेत, त्या तरी काय करणार! पण ताई, मन उठलं. केंद्रातल्या बुधवारच्या बैठकीला आता जाऊच नये असं वाटतं.

तू मृत्यू नोंदणीत आहेस म्हणून विचारतो. आपल्या गावात वर्षाला दारूने किती जातात? गेल्या वर्षी आमच्या बैठकीतलेच पाच गेले.

तुझा नापास भाऊ

९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

नापास म्हणे! समोर असतास तर कान पिरगळला असता. चारशेवर दिवसांत एक दिवस चुकला, तर बाकीचे कुठल्या चौकटीत गेले, हे त्या बाईंना विचार.

आमच्या तक्त्यात गेल्या वर्षी दारूने गेलेले तिघे. तुझे पाच वाचून मी कपाट उघडलं आणि डॉक्टरांचे दाखले एकेक पाहिले. जिन्यावरून पडून. बुडून. हृदय बंद पडून. अरे, हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं! यातली कितीतरी पिणाऱ्यांची घरं माझ्या ओळखीची. वीस वर्षं हेच कागद मी तक्त्यात चढवले आणि मला काही दिसलं नाही. त्या कपाटापुढे मी नुसती उभी राहिले. केवढी माणसं, आणि खरा आकडा कुणालाच कधी कळायचा नाही.

मग बाबांचा दाखला काढला. 'पडून डोक्याला मार.' ते कारण मीच लिहवून घेतलं होतं. दारूचा बोभाटा नको म्हणून डॉक्टरांच्या पाया पडले होते. तुला कधी सांगितलं नाही, माफ कर. डॉक्टर अजून आहेत, खरं लिहून द्यायला तयार आहेत. दुरुस्तीच्या अर्जावर आपल्या दोघांच्या सह्या लागतात. तुझ्या मनाविरुद्ध करणार नाही. पण बैठक सोडू नकोस रे. तुझा कागद मला चढवायचा नाही.

जीव लावणारी,
ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अर्ज सही करून सोबत पाठवतो आहे. तुझ्यावर राग आला होता, दोन दिवसांत गेला. तेव्हा वीस वर्षांची पोर, तू तरी काय करणार होतीस!

बुधवारी बैठकीला गेलो. माझा पेला सांगितला, मग तुझं पत्र वाचून दाखवलं. मग एक सुतार उठला, म्हणाला की त्याच्या भावाच्या दाखल्यावर बुडून लिहिलंय. मागच्या रांगेतली बाई म्हणाली, तिच्या नवऱ्याच्या दाखल्यावर हृदय. एकेक करत अख्खी खोली उभी राहिली, ताई. आपलं एकच घर असं समजून मी जन्मभर मान खाली घालत आलो.

सोमवारी अकराजण तुझ्या खिडकीशी येतील. अर्जाचे कोरे कागद जास्त काढून ठेव. त्यांना मी घेऊन येतोय.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा धाकटा