वहीतली साखर

प्रिय ठमाबाई,

परवा तुझ्याकडे येऊन गेले ते फक्त तुझे सुजलेले पाय बघायला नव्हे, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. तू चहा टाकायला उठलीस आणि मी फ्रिजवरची तुझी साखरेची वही उघडली. येऊ दे राग. महिनाभराचे आकडे, उपाशीपोटीचे सगळे अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव, जेवणानंतरचे एकशे वीसच्या आत, आणि सगळे एकाच पेनाने. बारा वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिलाई तपासते आहे मी. इतकी सरळ टीप दिसली की आधी कापड उलटं करून बघते. म्हणून तुझं साखर तपासायचं मशीनही बघितलं. त्यात जुने आकडे राहतात, हे तुला ठाऊक नसावं. वहीत एकशे अठरा लिहिलंस त्या दुपारी मशीनमध्ये दोनशे सहा आहेत. मधले नऊ दिवस तर तू बोटाला सुई लावलेलीच नाहीस.

का खोटं लिहितेस तेही ओळखते. डॉक्टरबाई रागावतात, इन्सुलिन नको वाटतं, आणि सोनोग्राफीत बाळ अंगाने भरलेलं दिसलं म्हणून तुझ्या सासूबाई खूश आहेत. पण ते बाळसं नाही गं. तुझ्या रक्तातली जास्तीची साखर नाळेतून त्याच्याकडे जाते. ती जिरवायला त्याचं एवढंसं शरीर जादा इन्सुलिन तयार करतं आणि चरबी चढते, खांद्यांवर जास्त. मग डोकं बाहेर येतं आणि खांदा अडकतो. जन्मल्यावर आईकडून येणारी साखर बंद होते, इन्सुलिन मात्र तसंच राहतं, आणि बाळाची साखर धाडकन खाली येते. सोमवारी डॉक्टरबाईंपुढे वही नको, मशीन ठेव.

हिला एवढं कुठून कळलं, असा संशय आता तुला आला असेल. तुझ्या भाच्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, तो माझ्या बाळंतपणात नर्सने ओढाओढ केली म्हणून, असं आपल्याकडे सगळे म्हणतात. तुझे भावोजी तक्रार करून आले आणि तिची नोकरी गेली. खरं तर अडकलेला खांदा सोडवून तिने त्याचा जीव वाचवला. जन्मला तेव्हा तो साडेचार किलोचा होता, आणि माझ्या वहीतही एक आकडा वावगा नव्हता. अकरा वर्षं मी गप्प बसले. भावोजींनाही हे ठाऊक नाही. परवा तुझी वही मला माझीच वाटली; त्यात अक्षर तेवढं तुझं होतं.

तुझीच,
खोटारडी ताई