कॉर्कहून आलेला फोन

कायझर्सलाउटर्न, जर्मनी

अहो सासरेबुवा,

तुम्हाला मराठी येत नाही, म्हणूनच मराठीत लिहितेय.

तुमचे पणजोबा आयर्लंडहून उपाशीपोटी अमेरिकेच्या बोटीत बसले, हे सांगताना तुम्ही रडता. पितृपक्षात माझ्या बाबांसाठी बाल्कनीत वाढलेलं पान मात्र तुम्ही उचलून बिओटोनेत, ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलंत. "मेलेल्यांना कसलं जेवण?" म्हणालात आणि हसलात.

तरी वर्षभर मीच तुमचे आयरिश नातेवाईक शोधले. काल कॉर्कहून तुमच्या एका लांबच्या बहिणीचा फोन आला. तुम्हाला भेटायला यायचं म्हणत होती. मी सांगितलं, ते गेले.

खूप रडली बिचारी.

आत्ताच तुम्ही विचारलंत, "लतिका, कुणी सापडलं का?" मी म्हटलं, नाही.

आज तिकडे चर्चमध्ये तुमच्या नावाने मेणबत्ती लावणार आहेत. ती कुणी कचऱ्यात टाकणार नाही.

तुमची सून,
लतिका