पट्टा आणि पाण्याची बाटली

मी, अमोल कोंडाजी गांगुर्डे, वय २६, शिक्षण दहावी, अंबडच्या एका कारखान्यात लेथवर कामाला, एम.एम.ए. (मिश्र मार्शल आर्ट्स) लढतींच्या ६१ किलो गटातील राज्य विजेता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. कोणी लिहायला लावलेले नाही. शनिवारी लढतीआधीचे वजन आहे, अजून चार किलो उतरवायचे आहेत आणि मला भीती वाटते, म्हणून लिहीत आहे.

१. बँकेत असेल ते आणि मोटारसायकल बहीण संजना हिला. पुढचा ब्रेक हळू दाबावा.

२. माझा मापाचा व्हर्नियर शेजारच्या लेथवरच्या विश्वेशला. त्याने तो न विचारता नेला, पाडला आणि आधीपासूनच असा होता म्हणाला. नव्हता. आता त्यानेच वापरावा.

३. विजेतेपदाचा पट्टा अश्विन पगारे याची आई मालनबाई यांना. कारण लिहिणे भाग आहे.

आमच्यात वजन उतरवताना पाण्याची बाटली जोडीदाराच्या हातात देतात. कितीही मागितली तरी काट्यावर उभे राहीपर्यंत त्याने द्यायची नाही. दोन वर्षांपूर्वी अश्विनची बाटली माझ्याकडे होती. भर उन्हात, काचा लावलेल्या गाडीत, घाम निघावा म्हणून अंगावर प्लॅस्टिकचे कपडे घालून तो मागच्या सीटवर बसला होता. दोनशे ग्रॅम राहिले होते.

"अम्या, एक घोट."

"दोनशे ग्रॅम, भाऊ."

त्याने पुन्हा मागितले नाही. वजन बरोबर भरले आणि काट्यावरून उतरताना तो पडला. मी राखीव होतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी लढलो, जिंकलो. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात वारला.

त्यानंतर चार लढती जिंकलो. प्रत्येक वेळी वजन उतरवताना मागच्या सीटवरून तेच ऐकू येते. आवाज वाढत नाही, मागणेही वाढत नाही. एकच घोट.

४. ती बाटली माझ्या कपाटात आहे, भरलेली. मला ओतता आली नाही. संजनाने ओतावी.

५. आमच्या सरावाच्या हॉलमधला माझा फोटो काढून अश्विनचा लावावा.

६. या वेळी माझी बाटली संजनाकडे राहील. मी पहिल्यांदा मागेन तेव्हाच द्यावी. काट्याकडे पाहू नये.

ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांच्या कारकुनाने सांगितले होते. म्हणून मालनबाईंकडे फक्त वाचून दाखवायला आलो. त्यांनी सगळे ऐकले आणि पेन मागितला. मी नियम सांगितला.

"मग तर मीच करते सही. मला नको तो पट्टा. टांग तुमच्या हॉलमध्ये, त्याच्या फोटोखाली."

मग पाणी आणले. "दोन वर्षं तू ग्लास तसाच ठेवून जातोस. आज पी, मग सही."

मी शनिवारच्या वजनाचे सांगितले.

"काट्याला माझं नाव सांग."

कलम ३ मधले मालनबाईंचे नाव खोडले आहे व पुढे सही केली आहे. कारण खोडलेले नाही. पट्टा त्या म्हणाल्या तिथे लावावा.

ग्लास दोनशे मिलीचा होता. पूर्ण प्यालो. तेवढे वजन वाढले आहे, याची नोंद असावी.

सही: अमोल कोंडाजी गांगुर्डे

साक्षीदार:
१. मालनबाई पगारे
२. लहानू बेंडकुळे, शेजारी (यांना काहीही दिलेले नाही)

ठिकाण: मालनबाईंचे घर, अंबड, नाशिक
दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५