राखेशिवायचा मका

आईस,

ओहायोहून ओलेटाचा नमस्कार. सुखरूप पोचले, जेवतेही पोटभर. तुझा गुडघा कसा आहे? शेकतेस ना?

"तिथे भांडू नकोस" म्हणाली होतीस. नाही भांडले.

आपल्या पूर्वजांची मक्याची शेतं जाळणाऱ्या गोऱ्या सैनिकांचा तो किल्ला आता नव्या लाकडांनी पुन्हा उभा केलाय. आत जुन्या पद्धतीचा झगा घातलेली एक बाई चुलीवर मका शिजवत होती. "शॉनी लोकांना शेती शिकवली ती आमच्या पूर्वजांनी," असं बघायला आलेल्या सगळ्यांना सांगत होती. शॉनी म्हणजे आपणच की! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिनं वाटीभर मका वाढला. सालं तशीच, दाणा चावता चावेना.

"दोन वर्षं करतेय, पण सालं काही सुटत नाहीत. काय चुकतंय हो?" तिनं मलाच विचारलं!

चुलीपुढे राखेचा ढीग पडला होता. सालं सुटावीत म्हणून तू उकळत्या मक्यात मूठभर घालतेस ना, तीच राख.

"काही नाही चुकत, बाई," मी म्हटलं. "अजून थोडं शिजवा."

तिनं मान डोलावली, सगळी राख भरून कुंपणाबाहेर फेकली आणि पुन्हा ढवळायला बसली. चघळू दे जन्मभर.

रविवारी येते. माझ्यासाठी मका कर, राख जरा जास्तच घाल.

तुझी न भांडलेली लेक,
ओलेटा