देवाची मूठ

मु. लातूर,
ता. २ नोव्हेंबर १९४४

प्रिय दादास,
एस्तेरचा सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मालगुदामातल्या साहेबावर तीन पानं खर्ची घातलीस आणि आईच्या तब्येतीची चौकशी एका ओळीत उरकलीस. शाई संपली होती की काय? असो. आम्ही बऱ्या आहोत.

आता कामाचं सांगते. किनवटच्या मुलींच्या वसतिगृहावर माझी नेमणूक झाली आहे. नाताळच्या आत रुजू व्हायचा हुकूम आहे. तिकडच्या जंगलातल्या थंडीत आईला नेणं शक्य नाही. तिचे सांधे तुला ठाऊकच आहेत. तेव्हा तिला नांदेडला, तुझ्याकडेच यावं लागेल. मार्थावहिनीने तर आनंदाने होकार कळवला आहे.

घोडं अडलंय ते आईपाशी. दळायला बसण्याआधी सुपातली पहिली मूठ ज्वारी देवाच्या मडक्यात टाकायची आणि रविवारी ते मडकं उपासनेला न्यायचं, हा तिचा नेम आपल्या जन्माआधीपासूनचा. हल्ली तिची बोटं आखडली आहेत, मूठ मिटत नाही. दाणे उचलते आणि ते बोटांमधून गळून पुन्हा सुपात पडतात. मी माझी मूठ पुढे केली की हात बाजूला सारते. म्हणते, तू चाललीस किनवटला, आता मूठ शमुवेलच्या घरची. ज्या घरात देवाचं मडकं नाही, त्या घरात मी राहणार नाही, असं तिने पाळकसाहेबांच्या देखत सांगून टाकलं आहे.

दादा, एक मडकंच तर आहे. कोपऱ्यात ठेवलंस तर घर काही लहान होणार नाही. चि. कृपाला पापा. बहिणीला विसरू नये, एवढंच मागते.

तुझी,
एस्तेर

मु. नांदेड,
ता. ११ नोव्हेंबर १९४४

प्रिय एस्तेर,
अनेक आशीर्वाद.

आईला खुशाल घेऊन ये. तिच्यासाठी उन्हाची खोली रिकामी केली आहे. ती म्हणेल त्या रविवारी तिला टांग्याने देवळात नेईन, मीही बाहेर न थांबता आत बसेन. पण ते मडकं माझ्या घरात येणार नाही.

तू तेव्हा पाळण्यात होतीस, तुला काय आठवणार! दुष्काळाचं साल होतं. बाबांना जाऊन सहा महिने झाले होते. आई जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. आम्ही पाण्यासारखी आंबील पिऊन झोपायचो आणि माझ्या उशाशी ते मडकं असायचं, ज्वारीने अर्धं भरलेलं. त्यात हात घालायचा नाही. मी विचारलं होतं की देवाला भूक लागते का? आईने मारलं नाही, रागावलीही नाही. नुसतं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढची मूठ टाकली. त्या मुठीचा आवाज अजून कानात आहे.

मग मला ताप भरला. आठवडाभर डोळा उघडला नव्हता म्हणतात. तेव्हा शेजारच्या शरणम्माने ज्वारीची पेज आणून घातली. गळ्यात लिंग असलेली ती बाई, तिने शिवाशिव मानली नाही. डोळा उघडला तेव्हा वाटी माझ्या ओठाला लावून ती बसली होती ते मला स्पष्ट आठवतं. मी वाचलो तो शेजारणीच्या हाताने, देवाच्या मडक्याने नाही.

आईचं सगळंच मला नकोसं आहे असं समजू नकोस. पहाटे जात्यावर ती येशूच्या ओव्या म्हणायची आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचो. जातं फिरलं की मांडी हलायची. तशी झोप मला पुन्हा लागली नाही. पण लेकरांच्या तोंडचं काढून केलेली भक्ती मला कळत नाही, आणि माझ्या कृपाला ती शिकवायची नाही. आईची समजूत घाल. राग धरू नये.

तुझा,
शमुवेल

मु. लातूर,
ता. १९ नोव्हेंबर १९४४

प्रिय दादा,
सलाम.

तुझं पत्र गाळून वाचायचं ठरवलं होतं. पण आई समोर बसली की मला गाळता येत नाही, सगळं वाचलं. ऐकून तिने दौत माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाली, लिही. पुढचे बोल तिचे आहेत, एक अक्षरही मी सुधारलेलं नाही.

लेकरा शमुवेल, तुझ्या आईचा सलाम. मी सांगायलेय, एस्तेर लिहायलीय. तू लिहिलंस ते खरं हाय. तुमी उपाशी व्हता अन् मी मूठ काढली. माझं बी पोट रिकामंच व्हतं. पर तुझा बाप गेल्यावर समदे आपल्याला द्यायला यायचे, कुनी भाकरी, कुनी फाटकं लुगडं. मला भ्या वाटलं. माझी लेकरं निस्ती हात पसरायला शिकतील. ज्या घरातून मूठभर जातं, ते घर भिकाऱ्याचं न्हाई. म्हनून त्या सालात बी मूठ सोडली न्हाई. चुकले आसंल तर देव बघून घेईल.

अन् ती पेज. शरणम्माच्या घरी तवा दानाच नव्हता रे. तिचा नवरा बी कामासाठी चाकुराकडं गेला व्हता. मी देवाचं मडकं उचललं अन् तिच्या पदरात उपडं केलं. म्हनलं, मला जिनिंगात जावं लागतंय, तू कांडून शिजवून पोराला घाल, तुझ्या लेकरांला बी घाल. देवाला म्हनलं, शास्त्रातल्या हन्नानं आपला शमुवेल तुला दिला, मी बी माझा दिलाय. तुझं हाय ते तुझ्याच पोराला घालते. त्या रविवारी रिकामं मडकं घेऊन देवळात गेले. लाज न्हाई वाटली.

तुला सांगितलं न्हाई. उजव्या हाताचं डाव्याला कशाला सांगावं? शरणम्माची माया मोठी व्हती, तीच तुझ्या ध्यानात ऱ्हावी असं वाटलं. आता जबरदस्ती न्हाई. मडकं नसलं तरी येते. लेकराच्या दारात अट घालू नये, हे मला आता कळलं. कृपीला मुका.

दादा, एवढं सांगून ती उठली आणि आपलं मडकं धुऊन पालथं घातलं.

तुझी,
एस्तेर

मु. नांदेड,
ता. २६ नोव्हेंबर १९४४

ती. आईस,
शमुवेलचा चरणी सलाम.

एस्तेर, हे मोठ्याने वाच.

आई, तुझं पत्र मी मालगुदामात, पोत्यावर बसून वाचलं. हमालांनी विचारलं, बाबूजी, घरी कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही, येणार आहे.

घरी येताना कुंभाराकडून मडकं घेतलं. मार्था हसली. काल ती दळायला बसणार तेवढ्यात मी सुपापुढे बसलो आणि मूठ भरली. आई, तुझी मूठ मिटत नाही, माझी उघडेना. ज्वारी धरून तसाच बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. शेवटी कृपाने माझं एकेक बोट सोडवलं. दाणे पडले तो आवाज तसाच होता, पण मला पहिल्यांदा गोड लागला.

आता ती विचारते की देवाला भूक लागते का? मी सांगितलं, आजीला विचार.

पालथं घातलेलं तुझं मडकं सुलटं कर आणि सोबत घेऊन ये, आपल्याकडे दोन राहतील. एस्तेरने तुला मोटारीने चाकूरपर्यंत आणावं, पुढे मी घ्यायला येतो. दाणे तू उचल, खाली कृपाचे हात धरलेले असतील. गळू दे किती गळायचे ते.

माझ्यावर माया आहेच, ती समोर बसून कर, हीच विनंती.

तुझा,
शमुवेल