आईच्या बॉयलरचं कार्ड

बाबा, तुमचा बॉयलर गेला. नॉटिंगहॅमच्या घरातला, किचनच्या कोपऱ्यातला, घर आणि पाणी दोन्ही तापवणारा, ज्याला तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही तो. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, त्यानंतरही तो कुरकुरत का होईना चालत होता, पण या जानेवारीत त्याने मान टाकली. आईने मला फोन केला तो चौथ्या दिवशी. चार दिवस बाई दोन स्वेटरांवर तुमचा जुना कोट चढवून, किटलीत पाणी तापवून अंघोळ करत होती. "तुझी कामाची गडबड, कशाला सांगायचं," म्हणे. मी वेम्बलीहून गाडी काढली आणि मोटरवेभर एकटीच चरफडत गेले. घरात शिरले तर तोंडातून वाफ निघत होती. म्हटलं, बास झालं आई, आता तरी माझ्याकडे राहायला चल. ती म्हणाली, "बॉयलर बिघडलाय, मी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसचा माणूस आला. त्याने बॉयलरचं झाकण काढलं आणि बारीक शिट्टी वाजवली. "हू लुक्ड आफ्टर धिस, लव्ह?" मी म्हटलं, माय डॅड, ते हॉस्पिटलच्या मेंटेनन्समध्ये होते. "वेल, ही न्यू हिज स्टफ." तुम्हाला जाणकार म्हणाला, मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण याचे पार्ट्स आता मिळत नाहीत, नवाच बसवा, असं त्याचं म्हणणं. त्यातही कॉम्बी घ्या: नळ सोडला की तेवढंच पाणी तापतं, वरची गरम पाण्याची टाकी काढून टाकता येते, टाकीचं अख्खं कपाट मोकळं होतं. मला लगेच पटलं. आईला मराठीत समजावलं, तर तिने एकच प्रश्न विचारला, "मग दही कुठे लावू?"

तुम्हाला आठवत असेल, ते कपाट तुम्हीच शोधून काढलं होतं. या देशात आल्यावर पहिल्या हिवाळ्यात आईचं दही काही केल्या लागेना. ब्लँकेटात गुंडाळून झालं, ओव्हनमध्ये ठेवून झालं. एके दिवशी तुम्ही जिन्यावरून ओरडलात, "अगं, वर ये, टाकीपाशी हात लावून बघ!" तेव्हापासून वरच्या फळीवर टॉवेल आणि खाली टाकीला टेकून दह्याचं भांडं, शेजारी फडक्यात बांधलेली मटकी. मी शाळेत जाताना तिथून शर्ट काढायचे, तर त्याला गरम कापडाचा आणि मोडांचा वास. मी गॅसवाल्याला कसंबसं इंग्लिशमध्ये सांगितलं. वाटलं, हसेल. तो म्हणाला, माझी नॅन, म्हणजे आजी, तिथे पावाचं पीठ फुगवायची, टाकी ठेवा की मग, नुसता बॉयलर बदलू. मी उगाच वाद घातला, कॉम्बीने गॅस वाचेल म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. कॉम्बी असला तर घर विकायला सोपं जातं, असं मला ऑफिसमधल्या एकाने सांगितलं होतं. आई मात्र हटली नाही. टाकी राहिली.

नवा बॉयलर बसला, रेडिएटर तापले, आणि गॅसवाला कागद देऊन गेला. त्यात वॉरंटीचं कार्ड होतं. दोन वर्षांची अशीच मिळते. थोडे पैसे जास्त भरले आणि दरवर्षी सर्व्हिस करून घेतली तर पाच वर्षांची. चौकटीत खूण करायची आणि महिन्याच्या आत पोस्टाने पाठवायचं. मी किचनच्या टेबलाशी बसले. आई तुमचं निळं फोल्डर घेऊन आली, नवे कागद त्यातच राहायला हवेत म्हणून. आणि त्यात काय सापडावं? जुन्या बॉयलरचं वॉरंटी कार्ड. तुमच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात पूर्ण भरलेलं, सही केलेलं, आणि कधीच न पाठवलेलं.

वा, बाबा! दुसऱ्याच हिवाळ्यात त्याचा पंखा गेला तेव्हा तुम्ही आम्हाला सांगितलंत, वॉरंटी संपली. सुट्टीचा अख्खा दिवस गुडघ्यावर बसून स्वतः दुरुस्त केलात. आई म्हणाली, "मला माहीत होतं. ओरिजिनल आहे म्हणाले, पोस्टात कोण टाकतं." मला हसू आलं आणि मग आठवलं. तुमचा शाळेचा दाखला एका कारकुनाने ठेवून घेतला, हरवला, आणि तुमचं नोकरीचं एक वर्ष गेलं, हे मी लहानपणापासून ऐकत आले. कॉलेजला असताना मी पासपोर्टच्या अर्जासोबत ओरिजिनल जन्मदाखला पाठवला, तेव्हा तो परत येईपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. "एक कागद सांभाळता येत नाही?" एवढंच. किती राग आला होता मला. तुमचं दुःख मला कळलंच नाही, तुमचा फक्त हट्ट दिसला.

मी कार्ड भरायला घेतलं. आई समोर मटकी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "किती वर्षांची घेतेस?" मी कार्डावर हात आडवा धरला. तर म्हणे, "पाच वर्षांची घे. मला काही घाई नाही."

मी पाचवर खूण केली. लायब्ररीत जाऊन कार्डाची फोटोकॉपी काढली, ओरिजिनल पोस्टात टाकलं, आणि कॉपी आणून आईच्या हातात दिली. तिने चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली. मग दोन वर्षांच्या चौकटीवर बोट ठेवलं. तिथे आधी केलेली एक खूण होती, गिरवून खोडलेली. कॉपीत ती फारच काळी उमटली होती.

"पेन चालत नव्हतं का गं?" ती म्हणाली.

मी हो म्हणाले. तिने कॉपी फोल्डरमध्ये तुमच्या कार्डाशेजारी ठेवली आणि दह्याचं भांडं घेऊन वर गेली. हे पत्रही मी त्या फोल्डरमध्येच मागे सरकवून ठेवणार आहे; ओरिजिनल आहे, कुठे पाठवायचं नाही. पेन चांगलं चालत होतं, बाबा.