तळाला राहिलेली ट्राउट

मदिनत अश शमाल, कतार
१४ ऑगस्ट २०२५

सुगराआपा, सलाम.

मी बरा आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? लोणचं पोचलं. तीन दिवसांत खलास, माझ्या वाट्याला दोन फोडी आल्या. हे पत्र गावी निघालेल्या इकबालच्या हाती देतोय. फोनवर बोलायची सोय नाही. तू स्पीकर लावतेस आणि अख्खं घर ऐकतं, इथे खोलीतले सातजण ऐकतात.

हो, सातजण. मी धरून आठ. तुला पाठवलेला फोटो माझ्या खोलीचा नव्हताच. दोह्याच्या मदिनत खलीफा भागात एका व्हिलात शोभेच्या माशांची काचपेटी बसवायला गेलो होतो, तिथली रिकामी खोली ती. तू तो फोटो गावभर दाखवलास आणि अरहान मामाशेजारी पलंग टाकायला निघाला. पोराला तिकडे लावून दे म्हणून दोन वर्षं तू माझ्या मागे आहेस, आणि मला खरं सांगायला तोंड राहिलं नाही.

आमच्या शेडमध्ये ट्राउट वाढवतात. थंड डोंगरी पाण्यातला मासा हा. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत पाणी चौदावर ठेवायचं. मे महिन्यात पाणी गार करणारं एक यंत्र बंद पडलं. मॅनेजर जियाद म्हणाला, दोन टाक्यांतली पिल्लं एकाच टाकीत टाक. मी म्हटलं, दाटी होईल. तर म्हणतो, "रजिस्टरमध्ये ‘दाटी ठीक’ लिहून सही कर, तुझ्या भाच्याचा व्हिसा मी बघतो. यल्ला, आटप." केली सही. मग रोज करत गेलो.

आपा, एकाच दिवशी अंड्यातून निघालेली, एकच खाणं खाणारी पिल्लं ती. दोन महिन्यांत काही वीतभर झाली, काही बोटाएवढीच राहिली. मोठी वरचे दाणे लुटतात. बारकी तळाला, पाणी बाहेर जातं त्या जाळीपाशी. दाणे वाढवले तरी वर येत नाहीत. पाठीवरचे पर कुरतडलेले, त्यावर पांढरी बुरशी. सकाळी मेलेली काढायची आणि सही करायची, हे माझं काम.

गेल्या महिन्यात मेलेल्यांची बादली भरली, तेव्हा राहवलं नाही. शंभरेक बारकी उचलून आजारी माशांच्या रिकाम्या टाकीत सोडली. ऐसपैस जागा, त्रास द्यायला कोणी नाही. तर ती बावळट सगळी एका कोपऱ्यात गोळा होऊन बसली. आठ दिवस. नवव्या दिवशी एक वर आलं आणि दाणा घेतला. आता बरीचशी खातात, पण वाढ मागे पडली ती पडलीच.

त्याच महिन्यात एका शुक्रवारी खोलीतले सगळे दोह्याला गेले. सात पलंग रिकामे. तरी मी आपला माझ्या वरच्या पलंगावर, भिंतीला चिकटून, पाय पोटाशी घेऊन. खाली उतरून खिडकीशी बसावं, हेही सुचलं नाही. नऊ वर्षं झाली मला इथे. त्या दिवशी पोटभर रडून घेतलं.

आता जे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं ते लिहितो. अरहानचा व्हिसा सोमवारी आला. जियादने कागद हातात दिला, मी परत दिला. म्हटलं, भाचा येत नाही. आणि तेव्हापासून रजिस्टरमध्ये खरं लिहितोय, दाटी फार झाली, मासे मरताहेत. माझं काय करायचं ते जियाद रविवारी सांगणार आहे. काढलं तर घरी येईन, इन्शाल्ला. ठेवलं तर माझा पलंग आहेच.

अरहानने बॅग भरून ठेवली असेल, ठाऊक आहे मला. त्याला सांग, मामानेच अडवलं. त्याला न विचारता अडवलं, हेही सांग. तू मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण कागदावर लिहून पाठव. फोनवर मला नीट रडताही येत नाही.

तुझा खोटारडा भाऊ,
आफताब